एक डॉलर, एक पाउंड आणि बोर्डरूममधला तो प्रश्न

कार कंपनीनं फॉर्म्युला वनमध्ये उतरावं का? रविवारी रेस बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, उतरावंच. सोमवारी हिशेब बघणाऱ्याला वाटतं, अजिबात नको. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठंतरी आहे.

सोमवारची सकाळ. कँटीनमध्ये हातात चहाचे कप, डोळ्यांवर झोप आणि विषय एकच, आदल्या दिवशीची रेस. कुणी व्हर्स्टॅपनच्या बाजूनं, कुणी हॅमिल्टनच्या. पिट स्टॉपवर अर्धा तास चर्चा होते, आणि मग दर वेळेप्रमाणे ग्रुपमधला कुणीतरी तो प्रश्न टाकतोच, "काय रे, आपले टाटा नाहीतर महिंद्रा का नाही उतरत एफ-वनमध्ये? पैसा नाही का त्यांच्याकडे?"

सगळ्यांना वाटतं, प्रश्न पैशाचाच आहे. तर मंडळी, आधी दोन किमती ऐका.

२००४ च्या नोव्हेंबरात फोर्ड कंपनीनं आपला जॅग्वार हा फॉर्म्युला वन संघ विकला. किंमत? एक डॉलर. घेणारी कंपनी गाड्या बनवत नव्हती, डब्यातलं एनर्जी ड्रिंक बनवत होती. मिल्टन कीन्स गावातल्या त्याच कारखान्यातून पुढं रेड बुलनं सहा वेळा संघांचं विश्वविजेतेपद मिळवलं.

२००८ च्या डिसेंबरात होंडानं अंग काढून घेतलं, आणि २००९ च्या मार्चमध्ये तो संघ त्याच संघाचा प्रमुख रॉस ब्रॉन याच्या हाती गेला. किंमत? एक पाउंड. त्याच महिन्यात मेलबर्नला पहिली रेस झाली आणि ब्रॉन जीपीच्या पांढऱ्या गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. वर्ष संपलं तेव्हा जेन्सन बटन विश्वविजेता होता आणि संघही.

म्हणजे कारखाना तोच, माणसं बहुतेक तीच, गाडीही आधीच्याच मालकाच्या पैशातून तयार झालेली. गेला फक्त मालक. आणि मालक गेल्यावर संघ जिंकायला लागला!

आता सांगा, कार कंपनीनं एफ-वनमध्ये उतरावं का?

टोयोटा: पैसा होता, वेळ होता, मग गेलं कुठं?

"पैसा ओतला की जिंकता येतं" असं ज्यांना वाटतं, त्यांनी टोयोटाची गोष्ट पाठ करून ठेवावी.

टोयोटा म्हणजे गाड्या बनवण्याच्या शास्त्रातला मोठा गुरू. जगभरच्या मॅनेजमेंट कॉलेजांत जिच्या कार्यपद्धतीचे धडे दिले जातात, ती कंपनी. तिनं दुसऱ्याचा संघ विकत घेतला नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरात शून्यापासून सुरुवात केली. गाडीही आपली, इंजिनही आपलं. २००१ हे अख्खं वर्ष फक्त सरावात घालवलं. खर्चाच्या बाबतीत ती सगळ्यात मोठ्या संघांच्या पंगतीत होती.

२००२ मध्ये मेलबर्नला पहिलीच रेस. मिका सालो सहावा आला आणि पहिल्याच दिवशी एक गुण मिळाला. वाटलं, आता काय, धडाकाच लागणार. पण वर्षाअखेरीस गुण होते दोन.

२००५ हे सगळ्यात चांगलं वर्ष. यार्नो ट्रुली मलेशियात दुसरा, बहारीनमध्ये दुसरा, आणि वर्षअखेर संघ चौथा. पण ज्याच्या हाताखाली ती गाडी तयार झाली त्या तांत्रिक प्रमुखाला, माइक गॅसकॉइनला, २००६ चा मोसम सुरू होऊन जेमतेम तीन रेस होतात तोवर बाजूला करण्यात आलं. या संघाबद्दल जाणकार एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. कोलोनमधल्या इंजिनिअरला जे दोन दिवसांत करायचं असायचं, त्यावर जपानमधल्या वरिष्ठांचं एकमत व्हायला लागायचं. साधी फॅमिली कार बनवताना हे एकमत सोन्यासारखं असतं. त्यातून चुका टळतात, गाडी पंधरा वर्षं टिकते. पण रेसिंगमध्ये पुढची रेस कधी एका आठवड्यावर असते, तर कधी दोन. तुमच्या सहीसाठी ती थांबत नाही.

२००९ च्या बहारीन रेसचं तर काय सांगावं! ट्रुली पहिल्या आणि टिमो ग्लॉक दुसऱ्या जागेवरून सुटणार. पुढची अख्खी रांग टोयोटाची. ब्रॉन जीपीला ज्या 'डबल डिफ्युजर' नावाच्या युक्तीनं मैदान मारून दिलं, ती युक्ती टोयोटाच्या गाडीतही होती. पण पहिल्या थांब्याला दोन्ही गाड्यांना कडक टायर चढवले आणि वेगच गेला. ट्रुली तिसरा आला, ग्लॉक सातवा.

त्याच सुमारास टोयोटानं १९५० नंतरचा पहिला वार्षिक निव्वळ तोटा जाहीर केला. ४ नोव्हेंबर २००९ रोजी टोकियोत पत्रकार परिषद झाली. अध्यक्ष आकिओ टोयोडा यांनी संघ बंद केल्याचं सांगितलं आणि शेजारी बसलेले संघप्रमुख तादाशी यामाशिना यांना रडू आवरलं नाही.

आठ मोसम. १३९ रेस. तेरा वेळा पहिल्या तिघांत. विजय शून्य.

जॅग्वार: साहेब बदलले, गाडी तीच

फोर्डनं १९९९ मध्ये स्ट्युअर्ट हा छोटा पण चुणचुणीत संघ विकत घेतला. त्या वर्षी त्या संघानं एक रेस जिंकलीसुद्धा होती. पुढच्या वर्षी गाड्यांना गडद हिरवा रंग देऊन त्यावर जॅग्वारचं नाव लावलं. जाहिरातीत दृष्ट लागेल अशी गाडी. ट्रॅकवर? पाच वर्षांत दोनदा तिसरा नंबर, बस.

झालं असं की, संघाच्या वर फोर्डची माणसं, त्यांच्यावर आणखी फोर्डची माणसं. बॉबी रहालला प्रमुख म्हणून आणलं. काही महिन्यांतच त्याच्या डोक्यावर निकी लाउडाला बसवलं. २००१ च्या ऑगस्टमध्ये रहाल गेला. २००२ च्या नोव्हेंबरात लाउडाही गेला. आपल्याकडे एखाद्या प्रोजेक्टचा मॅनेजर दर आठ महिन्यांनी बदलला तर काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. प्रत्येक नवा साहेब आधीच्याची पीपीटी फेकून देतो आणि पहिल्या स्लाइडपासून सुरू करतो.

शेवटच्या वर्षातला एक किस्सा तर भन्नाटच आहे. २००४ ची मोनॅको रेस. एका हॉलिवूडपटाच्या जाहिरातीसाठी जॅग्वारच्या गाडीच्या नाकावर खराखुरा हिरा बसवला. पहिल्याच फेरीत क्रिस्तियन क्लीनची गाडी धडकली, आणि नंतर बघतात तर हिरा गायब! तो पुन्हा सापडलाच नाही. एफ-वनमध्ये केवळ नावासाठी उतरणाऱ्या कंपनीचं याहून चांगलं चित्र कुणाला काढता येणार नाही.

बीएमडब्ल्यू: केआरए पूर्ण, विषय संपला

आता जरा आपल्या जिव्हाळ्याचा विषय. टार्गेट!

बीएमडब्ल्यूनं २००५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या हिनविल गावचा साउबर संघ विकत घेतला आणि अगदी अप्रेझलच्या फॉर्मसारखी उद्दिष्टं ठरवली. आधी नियमित गुण, मग पहिल्या तिघांत, २००८ मध्ये पहिला विजय, आणि २००९ मध्ये विजेतेपदासाठी झुंज.

सगळं घड्याळासारखं चाललं. २००८ च्या जूनमध्ये कॅनडात रॉबर्ट कुबिका जिंकला, निक हाइडफेल्ड दुसरा. एवढंच नव्हे, त्या दिवशी कुबिका विजेतेपदाच्या तक्त्यात सगळ्यांच्या पुढं गेला. आता काय करायला हवं होतं? गाडीवर तुटून पडायचं, वर्ष साधायचं! पण या वर्षाचं टार्गेट 'एक विजय' होतं आणि ते पूर्ण झालं होतं. भर हळूहळू पुढच्या वर्षीच्या गाडीकडे वळला. कुबिका अखेरीस चौथा राहिला. २००९ ची गाडी साफ फसली. २९ जुलै २००९ रोजी म्युनिकहून निरोप आला, आम्ही चाललो.

याच बीएमडब्ल्यूचा आधीचा अवतार आठवतोय? २००० ते २००५ या काळात ती विल्यम्स संघाला फक्त इंजिन देत होती. त्या सहा वर्षांत त्या जोडीनं दहा रेस जिंकल्या. मालक झाल्यावर चार वर्षांत एक.

हा योगायोग नाही. होंडाचं गणित तर याहून बोलकं आहे. १९८६ ते १९९१ या सलग सहा वर्षांत संघांचं विजेतेपद होंडाच्या इंजिनानं मिळवलं, आधी विल्यम्सच्या गाडीतून, मग मॅक्लारेनच्या. १९८८ मध्ये तर १६ पैकी १५ रेस! आणि स्वतःच्या मालकीच्या संघातून? १९६० च्या दशकात दोन विजय, २००६ मध्ये एक. एकूण तीन.

फंडा साधा आहे. इंजिन बनवणं हे कार कंपनीचं घरचं काम. तिच्याकडे त्यासाठी माणसं असतात, यंत्रं असतात, पिढ्यांचं शहाणपण असतं. पण वाऱ्याशी खेळणारी गाडी आखणं, दर आठवड्याला तिचा एखादा भाग बदलणं, भर पावसात अडीच सेकंदांत टायर कुठले हे ठरवणं, हा सगळा वेगळाच धंदा आहे. तो इंग्लंडमधल्या चार-दोन परगण्यांतल्या कारखान्यांना आयुष्यभर करून करून जमलेला आहे.

अर्थात इंजिनवाल्याचीही फजिती होऊ शकते. २०१५ मध्ये होंडा मॅक्लारेनकडे परतली आणि संघ दहांत नववा आला. होंडाच्याच मालकीच्या सुझुका ट्रॅकवर, साहेब लोक बघत असताना, फर्नांडो अलोन्सोनं रेडिओवरून या इंजिनाची बरोबरी खालच्या वर्गातल्या शर्यतीच्या इंजिनाशी केली. अख्ख्या जगानं ते ऐकलं. होंडा तरीही थांबली, आधी टोरो रोसोकडे, मग रेड बुलकडे. २०२१ मध्ये व्हर्स्टॅपन होंडाच्या इंजिनावर विश्वविजेता झाला. परतल्यापासून सातव्या वर्षी.

आणि गंमत म्हणजे, त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, होंडानं २०२१ नंतर आपण जाणार हे जाहीर करून टाकलं होतं! आंबे पिकायच्या वेळी बाग सोडायची सवय काही कंपन्यांना जडलेलीच असते. २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा जाहीर केलं, २०२६ पासून ॲस्टन मार्टिनबरोबर येतोय म्हणून.

घ्यायचं महाग, विकायचं स्वस्त

आता तारखा एका खाली एक मांडून बघा. होंडा गेली डिसेंबर २००८. बीएमडब्ल्यू जुलै २००९. टोयोटा नोव्हेंबर २००९. वर्षभरात तीन दिग्गज बाहेर. कारण? जगात मंदी आली होती.

आणि आल्या कधी होत्या? बाजार तेजीत असताना. गाड्या खपत होत्या, बोर्डाचा मूड चांगला होता, कुणीतरी सुंदर स्लाइड दाखवली.

हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं ना? सेन्सेक्स उसळला की पेपरात वाचून शेअर घ्यायचे, आणि पडला की घाबरून विकून टाकायचे. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी एकदा तरी हे केलेलं आहे. एवढ्या मोठ्या कंपन्याही नेमकं तेच करतात. तेजीत प्रवेश, मंदीत पळ, आणि विक्रीची किंमत एक पाउंड.

याउलट मर्सिडीज बघा. होंडानं टाकलेला, ब्रॉननं वाचवलेला तोच ब्रॅकलीचा संघ मर्सिडीजनं २००९ च्या अखेरीस, म्हणजे भर मंदीत, घेतला. २०१० मध्ये एकही विजय नाही. २०११ मध्येही नाही. तेसुद्धा मायकेल शूमाकरसारखा माणूस गाडीत असताना. २०१२ मध्ये चीनला निको रॉसबर्गनं एक रेस जिंकली. एवढ्यात दुसरी कुठली कंपनी असती तर तिनं पत्रकार परिषद बोलावली असती. मर्सिडीज राहिली. इंजिनांचे नियम बदलणार होते आणि ब्रिक्सवर्थच्या त्यांच्या कारखान्यात त्या नव्या इंजिनाची तयारी चालू होती. २०१४ मध्ये १९ पैकी १६ रेस. २०२१ पर्यंत सलग आठ वेळा संघांचं विजेतेपद.

तेव्हा हा धंदा रोजच्या खरेदी-विक्रीचा नाही, एसआयपीचा आहे. बाजार पडलेल्या महिन्यातही हप्ता भरायची तयारी असेल तरच सुरू करा. नाहीतर तो पैसा दिवाळीच्या बोनसमध्ये वाटा, निदान लोक दुवा तरी देतील.

'रविवारी जिंका, सोमवारी विका' हे खरं का?

बोर्डरूममधल्या स्लाइडवर नेहमी दोन फायदे असतात. पहिला तंत्रज्ञान. दुसरा ब्रँड.

तंत्रज्ञानाचं आधी. रेसिंगमधून रस्त्यावरच्या गाडीत काहीच येत नाही, असं नाही. ऑडीनं १९८० मध्ये क्वाट्रो आणली आणि रॅलीच्या चिखलात, बर्फात सिद्ध केलं की चारही चाकांना ताकद दिली तर गाडी कुठंही जाते. ते तंत्र शोरूमपर्यंत आलं आणि ऑडीची ओळखच बनलं. पण तो रॅलीचा प्रकार, रस्त्यावरच्या गाडीशी नातं सांगणारा. एफ-वनचं इंजिन जसंच्या तसं रस्त्यावर आणायचा प्रयत्न मर्सिडीजनं करून पाहिला. २०१७ मध्ये एएमजी वन ही गाडी दाखवली. पण हे इंजिन नुसतं उभं असतानाही मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेणारं. सिग्नलला शांत उभं राहायला आणि धुराच्या नियमांत बसायला ते तयारच होईना. गाड्या ग्राहकांच्या हाती पडायला २०२३ उजाडलं. त्यासुद्धा किती? फक्त २७५.

खरा फायदा यंत्रात नसतो, माणसांत असतो. सोइचिरो होंडांच्या कंपनीनं पहिली चारचाकी बाजारात आणली १९६३ मध्ये आणि एफ-वनमध्ये पाऊल टाकलं १९६४ मध्ये! पुढच्याच वर्षी मेक्सिकोत रेस जिंकली. रेसिंग ही इंजिनिअरांची शाळा आहे, हीच त्यांची धारणा. चूक झाली तर लपवता येत नाही, आणि रविवारची तारीख पुढं ढकलता येत नाही. अशा शाळेतून तीन वर्षं काढून परत आलेला पोरगा साध्या गाडीचा गिअरबॉक्ससुद्धा वेगळ्या डोळ्यांनी बघतो. पण हा फायदा ताळेबंदात दिसत नाही, आणि दोन वर्षांत पळून गेलात तर मिळतही नाही.

ब्रँडचं म्हणाल तर सगळे बोट दाखवतात फेरारीकडे. पण फेरारीचं गणितच उलटं आहे. एन्झो फेरारी रेसिंगसाठी रस्त्यावरच्या गाड्या विकत असत. १९५० च्या पहिल्या मोसमापासून हा संघ प्रत्येक वर्षी हजर आहे. २००८ नंतर पुढची सतरा वर्षं संघांचं विजेतेपद नाही, तरी गाडीसाठी रांगा. कारण लोक विकत घेतात ते त्या वर्षीचा निकाल नव्हे, ती चिकाटी. ही चिकाटी पाच वर्षांच्या करारावर भाड्यानं मिळत नाही, बॉस.

ऑडी आणि साडेसात हजार माणसं

हे सगळं जुनं झालं, असं वाटत असेल तर आता ताजी गोष्ट.

ऑगस्ट २०२२ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर ऑडीनं जाहीर केलं, २०२६ पासून आम्ही येतोय. संघ कुठला? हिनविलचा साउबर. हो, तोच, बीएमडब्ल्यूनं सोडलेला! इंजिन जर्मनीत नॉयबुर्गला बनवायचं ठरलं. कारण तगडं होतं. २०२६ च्या नव्या नियमांत गाडीची जवळपास निम्मी ताकद विजेवर, आणि इंधन पर्यावरणाला सोसेल असं. ज्या कंपनीला बॅटरीच्या गाड्या विकायच्या आहेत, तिच्यासाठी हे आमंत्रणच. फोर्ड रेड बुलच्या इंजिन विभागाशी जोडली गेली. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकला २०२५ मध्ये अकरावा संघ म्हणून मान्यता मिळाली, आणि सुरुवातीला इंजिन फेरारीचं घ्यायचं ठरलं.

शिवाय आता खर्चावर मर्यादा आहे. २०२१ मध्ये प्रत्येक संघाला वर्षाला साडेचौदा कोटी डॉलरची मर्यादा घातली गेली. २०२६ साठी हिशेबाची पद्धत बदलून ती साडेएकवीस कोटी झाली, इंजिनाच्या खर्चाची मर्यादा वेगळी. म्हणजे टोयोटाच्या काळातली बेलगाम उधळपट्टी आता करायची म्हटली तरी करता येत नाही. पोर्शेनंही याच सुमारास रेड बुलशी बोलणी केली होती, पण संघावर ताबा कुणाचा यावर ती २०२२ च्या सप्टेंबरात फिसकटली.

पण ऑडीच्या गोष्टीत दोन खडे आहेत.

पहिला ओळखीचा आहे, साहेब बदलण्याचा. ज्या मार्कुस ड्यूसमन यांच्या कारकिर्दीत निर्णय झाला, ते २०२३ मध्ये पायउतार झाले आणि गेर्नोट डोलनर आले. संघ उभारायला आणलेले अँड्रियास झाइडल जुलै २०२४ मध्ये गेले आणि फेरारीचे माजी प्रमुख मात्तिया बिनोत्तो आले. हे सगळं ऑडीच्या नावानं पहिली रेस धावण्याआधी! जॅग्वारवाल्यांना वाचून घरच्यासारखं वाटलं असेल.

दुसरा खडा जास्त टोचणारा. मार्च २०२५ मध्ये ऑडीनं जाहीर केलं की २०२९ पर्यंत जर्मनीतल्या साडेसात हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करणार.

इथं जरा थांबू या. तुम्ही त्या इंगोलश्टाटच्या ऑफिसात आहात असं समजा. वय तीस, घराचा हप्ता चालू, एचआरकडून मेल आलेला. आणि कंपनीच्या लॉबीत चकचकीत रेसिंग कार उभी. काय वाटेल?

राग येईल, आणि तो खरा असेल. व्यवस्थापन म्हणेल, रेसिंगचे पैसे वाचवून या नोकऱ्या वाचल्या नसत्या. हेही खोटं नाही. साठ अब्ज युरोंच्या वर उलाढाल असलेल्या कंपनीच्या ताळेबंदात एफ-वनची ओळ शोधावी लागेल. पण माणसं ताळेबंद बघून जगत नाहीत. त्यांना दिसतं, एकीकडे नारळ आणि दुसरीकडे शॅम्पेन.

आणि दुसरी बाजूही विसरू नका. रेसिंगमध्येही माणसंच काम करतात. होंडा गेली तेव्हा ब्रॅकलीतल्या सगळ्यांचंच भवितव्य टांगणीला लागलं होतं. ब्रॉननं संघ वाचवला, पहिली रेस जिंकली, तरी अडीचशेहून अधिक लोकांना जावं लागलं. रेनोच्या इंजिनांनी संघांना बारा विजेतेपदं मिळवून दिली. तरी २०२४ मध्ये कंपनीनं ठरवलं, पॅरिसजवळच्या व्हिरी गावी एफ-वनचं इंजिन बनवणं २०२५ नंतर बंद. तिथले कामगार मोन्झाला प्रेक्षकांत बसून निषेध करून आले. इंजिन गेलंच.

म्हणजे कंपनी उतरली तरी कुणाच्या पोटावर पाय, आणि निघून गेली तरी कुणाच्या. म्हणूनच हा निर्णय चांगल्या वर्षात, चांगल्या मूडमध्ये घ्यायचा नसतो.

आपल्यालाही हे अगदीच परकं नाही. ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यातही जोडल्या जातात.

मग आपल्या टाटा-महिंद्रांचं काय?

आता कँटीनमधल्या मित्राला उत्तर देऊ. ते उतरलेले आहेत रे, फक्त तू बघत नाहीस.

महिंद्रा २०१४ च्या पहिल्या मोसमापासून फॉर्म्युला ईमध्ये आहे. गाड्या दिसायला तशाच, खुल्या चाकांच्या, फक्त विजेवर पळणाऱ्या. पहिला विजय २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोजेनक्विस्टनं मिळवून दिला. इथं गाडीचा सांगाडा आणि बॅटरी सगळ्यांना सारखी. कंपनीनं डोकं लावायचं ते मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स आणि सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे पुढं चाकणमधून ज्या इलेक्ट्रिक गाड्या बाहेर पडणार होत्या, त्यांच्या घरचाच अभ्यास. ना वाऱ्याशी कुस्ती, ना शेकडो कोटींची दरवर्षी होळी.

आणि टाटा? २००५ मध्ये नरेन कार्तिकेयन जॉर्डनच्या गाडीत बसला, एफ-वनमधला पहिला भारतीय ठरला, तेव्हा त्याच्या पाठीशी टाटा होते. २००८ मध्ये टाटा मोटर्सनं फोर्डकडून जॅग्वार कंपनीच विकत घेतली. एफ-वनमध्ये हिरा हरवून बसलेली ती जॅग्वार २०१६ मध्ये फॉर्म्युला ईत उतरली. पहिल्या वर्षी शेवटची आली. कुणी पळून गेलं नाही. २०२४ मध्ये तिनं संघांचं विजेतेपद जिंकलं. नाव तेच, मांजरही तेच. बदलला तो खेळ, आणि खेळण्याचा धीर.

मीटिंगमध्ये विचारायचे चार प्रश्न

उद्या तुम्हीच एखाद्या कार कंपनीच्या त्या मीटिंगमध्ये असाल (का नसाल? पुण्यात राहता ना!), तर स्लाइड संपल्यावर हात वर करून एवढंच विचारा.

• आपल्याला संघाचं मालक व्हायचंय की इंजिन द्यायचंय? मालक व्हायचं असेल तर का?

• पहिली तीन वर्षं एकही रेस जिंकली नाही तर या टेबलाभोवतीचा कोण कोण तेव्हाही 'हो' म्हणेल?

• टायर आणि माणसं कुठली, हे तिथला प्रमुख ठरवणार की इथून मेल जाणार?

• ज्या वर्षी आपण लोकांना घरी पाठवू, त्या वर्षी त्यांच्यासमोर उभं राहून हा खर्च योग्य आहे असं सांगता येईल का?

चौथ्या प्रश्नाला उत्तर 'हो' असेल, आणि ते मनापासून असेल, तर उतरा. खुशाल उतरा. कारण मग तुम्ही वाईट वर्षाचा हप्ताही आधीच मोजलेला आहे. उत्तर देताना कुणी खाली बघत असेल, तर विषय तिथंच सोडा. एक हिरा, एक टार्गेट आणि एका पत्रकार परिषदेतले अश्रू एवढंच हाती लागेल.

टोयोटानं उशिरा का होईना, धडा घेतला. एफ-वन सोडल्यावर ती ल माँच्या चोवीस तासांच्या रेसकडे वळली. २०१६ मध्ये जिंकायला जेमतेम काही मिनिटं उरली असताना पुढं असलेली गाडी बंद पडली. अख्खा पिट सुन्न. पुन्हा पत्रकार परिषद होईल असं वाटलं होतं. झाली नाही. टोयोटा परत आली, २०१७ मध्येही हरली, पुन्हा आली. आणि २०१८ पासून ती रेस सलग पाच वेळा जिंकली. २०२४ मध्ये एफ-वनच्या दारातही ती परतली, हास या संघाची तांत्रिक भागीदार म्हणून. या वेळी मालकी न घेता, शिकायला.

तेव्हा पुढच्या सोमवारी कँटीनमध्ये कुणी विचारलं, "पैसा नाही का त्यांच्याकडे?" तर चहाचा घोट घ्या आणि शांतपणे सांगा, पैसा सगळ्यांकडेच असतो रे. जॅग्वार एका डॉलरला गेली होती. पैसा देऊन धीर मिळत नाही, एवढाच प्रॉब्लेम आहे.